शोध कोणाचा? : औषधांच्या पेटंटवरील नावांची कथा

आपण लिहून दिलेल्या औषधाच्या चिठ्ठीवर रुग्णाचे नाव असते, औषधाचे नाव व मात्रा असते आणि शेवटी आपली सही असते. ते औषध ज्यांनी शोधून काढले त्यांचे नाव त्या चिठ्ठीवर नसते, आणि ते असावे अशी कोणाची अपेक्षाही नसते. परंतु औषधाच्या जन्मकथेत एक कागद असा असतो की ज्यावर हे नाव लिहावेच लागते, आणि अमेरिकेसारख्या देशात तर ते शपथेवर लिहावे लागते. हा कागद म्हणजे पेटंटचा अर्ज, अर्थात ज्याला आपल्या राजभाषेच्या परिभाषेत 'एकस्व' म्हणतात त्या हक्काची मागणी.

पेटंट म्हटले की आपल्या मनात सहसा औषधांच्या किमती, मोठ्या कंपन्या आणि न्यायालयातील त्यांचे दावे उभे राहतात. आपल्या पिढीला हळदीचा लढाही चांगला आठवतो. जखम भरून येण्यासाठी हळदीचा उपयोग करण्यावर १९९५ मध्ये अमेरिकेत पेटंट दिले गेले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्यास आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द झाले. त्या वादात प्रश्न होता तो नवेपणाचा. प्रस्तुत लेखात मला ज्या प्रश्नाकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे तो निराळा आहे. शोध नवा आहे, उपयुक्त आहे, याविषयी कोणाचे दुमत नाही. पण तो लावला कोणी? विभागप्रमुखाने, विद्यार्थ्याने, प्रयोगशाळेतील साहाय्यिकेने, की ज्याने प्रथम रुग्णावर तो पडताळून पाहिला त्या डॉक्टराने?

एका बालरोगतज्ज्ञाने हा विषय का हाताळावा, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर सोपे आहे. स्ट्रेप्टोमायसिन, इन्शुलिन, झिडोव्ह्युडीन ही तीन औषधे निघाली नसती तर आपल्या शाखेतील कित्येक पाने केवळ मृत्यूच्या नोंदींनी भरली असती. आणि या तिन्हींच्या पेटंटवरील नावांमागे वाद, संकोच किंवा न्यायालयाचा निवाडा उभा आहे.

तळघरातील विद्यार्थी

आल्बर्ट शॅट्झ हा अमेरिकेतील एका गरीब शेतकरी कुटुंबातला मुलगा. जन्म १९२०चा. शेतीसाठी उपयोगी पडेल म्हणून त्याने न्यू जर्सी राज्यातील रटगर्स येथे मृदाशास्त्राचे शिक्षण घेतले आणि सेल्मन वॅक्समन या ख्यातनाम प्राध्यापकांच्या हाताखाली डॉक्टरेटसाठी नाव नोंदवले. महायुद्धामुळे त्याला सैन्यात जावे लागले. लष्करी रुग्णालयांत जीवाणुतज्ज्ञ म्हणून काम करताना, ज्यांवर पेनिसिलिनची मात्रा चालत नाही अशा ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंनी तरुण सैनिक दगावताना त्याने पाहिले. पाठीच्या दुखण्यामुळे १९४३च्या जूनमध्ये त्याला सैन्यातून सोडण्यात आले आणि तो पुन्हा प्रयोगशाळेत परतला. महिन्याला ४० डॉलर एवढे त्याचे विद्यावेतन होते.

वॅक्समन हे सामान्य संशोधक नव्हते. मातीतील सूक्ष्मजीवांचा त्यांचा व्यासंग तीन दशकांचा होता. 'अँटिबायोटिक' या शब्दाला आजचा अर्थ त्यांनीच मिळवून दिला. मातीचे नमुने घ्यावेत, त्यांतील ॲक्टिनोमायसिटीस वेगळे काढावेत, त्यांच्या वाढीभोवती रोगजंतू मरतात काय हे एकेक करून पाहावे, अशी शिस्तबद्ध पद्धत त्यांच्या प्रयोगशाळेने घालून दिली होती. १९४० मध्ये ॲक्टिनोमायसिन व १९४२ मध्ये स्ट्रेप्टोथ्रायसिन ही द्रव्ये तेथेच मिळाली; परंतु दोन्ही रुग्णास देण्याच्या दृष्टीने फारच विषारी ठरली.

शॅट्झने क्षयाच्या जंतूंवर काम करण्याची तयारी दाखवली, तेव्हा त्याला जागा मिळाली ती तळघरात. क्षयाचे जंतू वरच्या मजल्यावर आणू नयेत अशी प्राध्यापकांची ताकीद होती, असे तो पुढे सांगत असे. त्याच्या नोंदवहीत २३ ऑगस्ट १९४३ या तारखेला 'प्रयोग ११' आरंभला गेला. १९ ऑक्टोबर १९४३ रोजी, म्हणजे दोन महिन्यांच्या आत, त्याची खात्री पटली की आपल्या हाती नवे प्रतिजैविक आले आहे. स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या सूक्ष्मजीवाचे दोन वाण त्याला मिळाले होते. एक होता भरपूर शेणखत घातलेल्या शेताच्या मातीतला, तर दुसरा एका कोंबडीच्या घशातून घेतलेल्या नमुन्यातला.

जानेवारी १९४४ मध्ये पहिला शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यावर नावांचा क्रम होता शॅट्झ, एलिझाबेथ ब्युगी, वॅक्समन. क्षयाच्या जंतूवरील परिणामाचा निबंध त्याच वर्षी शॅट्झ व वॅक्समन यांच्या नावाने आला. मेयो क्लिनिकमधील विल्यम फेल्डमन व कॉर्विन हिनशॉ यांनी प्रथम गिनीपिगवर आणि १९४४च्या अखेरीपासून रुग्णांवर औषध तपासले. ब्रिटनमधील मेडिकल रिसर्च कौन्सिलची १९४८ची प्रसिद्ध चाचणी आपण सर्वांनी विद्यार्थिदशेत वाचलेली आहे. सहा महिन्यांत स्ट्रेप्टोमायसिन मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले. केवळ अंथरुणावर विश्रांती घेतलेल्या ५२ पैकी १४. चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे गट पाडण्याची आधुनिक रीत या चाचणीने रूढ केली.

क्षयजन्य मस्तिष्कावरणदाह झालेले मूल पूर्वी जवळजवळ निश्चित दगावत असे. अशी मुले या औषधाने प्रथमच वाचू लागली. काही बहिरी झाली हेही खरे, पण जिवंत राहिली. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्यात पेनिसिलिनपाठोपाठ स्ट्रेप्टोमायसिनही तयार होऊ लागले, आणि त्या कुप्या देशभरच्या दवाखान्यांतून पोहोचल्या. आज क्षयाच्या नेहमीच्या उपचारात या इंजेक्शनास फारसे स्थान उरलेले नाही. तरी त्याचे ऋण विसरता येणार नाही.

शपथ आणि तिचे परिणाम

पेटंटचा अर्ज १९४५ मध्ये दाखल झाला. त्यात वॅक्समन व शॅट्झ या दोघांनीही शपथेवर सांगितले, की या द्रव्याचे व ते तयार करण्याच्या कृतीचे आम्ही दोघे संयुक्त शोधकर्ते आहोत. दोघांनी आपले हक्क प्रत्येकी एक डॉलर घेऊन रटगर्सच्या संशोधन प्रतिष्ठानाकडे सोपवले. २१ सप्टेंबर १९४८ रोजी २,४४९,८६६ या क्रमांकाचे अमेरिकी पेटंट मंजूर झाले. औषध सर्वांना मिळावे, कोणा एका कंपनीची त्यावर मक्तेदारी नसावी, अशी शॅट्झची समजूत होती. मर्क कंपनीनेही १९४६ मध्ये आपला एकाधिकार सोडला होता.

दरम्यान वॅक्समन यांचे नाव जगभर गाजू लागले आणि शॅट्झचे नाव वृत्तपत्रांतून हळूहळू दिसेनासे झाले. पुढे शॅट्झला कळले, की स्वामित्वधनाचा पाचवा हिस्सा प्रतिष्ठान वॅक्समन यांना खासगीरीत्या देत आहे. ही रक्कम १९५०पर्यंत सुमारे साडेतीन लाख डॉलर झाली होती. शॅट्झला तोवर प्राध्यापकांकडून पाचशे डॉलरचे तीन धनादेश मिळालेले होते. मार्च १९५० मध्ये त्याने न्यू जर्सीच्या न्यायालयात आपल्याच गुरूंवर दावा लावला. त्या काळच्या शास्त्रजगताला हा मोठाच धक्का होता.

वॅक्समन यांच्या बाजूनेही बोलण्यासारखे बरेच होते, हे मान्य केले पाहिजे. विषय त्यांचा, पद्धत त्यांची, प्रयोगशाळा त्यांची. तेथे शॅट्झच्या आधीही अनेक विद्यार्थी याच मार्गाने शोध घेत होते. शॅट्झ हा त्या मोठ्या यंत्रणेतील एक साहाय्यक, तो नसता तर दुसऱ्या कोणाच्या हाती हे द्रव्य आले असते, असा त्यांचा युक्तिवाद होता. आपल्यापैकी जे विभागप्रमुख आहेत त्यांना हा युक्तिवाद अगदीच परका वाटणार नाही.

पण येथे त्यांची स्वतःची शपथ आडवी आली. पेटंटच्या कायद्यात मालकी आणि शोधकर्तेपण या दोन अगदी भिन्न गोष्टी आहेत. मालकी विकता येते, दान करता येते, वारशाने देता येते. शोधकर्तेपण यांपैकी काहीच करता येत नाही. ते एक ऐतिहासिक सत्य मानले जाते. ज्याने शोध लावला नाही त्याचे नाव घालणे आणि ज्याने लावला त्याचे नाव गाळणे, या दोहोंमुळे पेटंटच धोक्यात येते. शॅट्झ निव्वळ हरकाम्या होता असे म्हणावे, तर १९४५ची शपथ खोटी ठरते आणि तिच्यासह पेटंटही डळमळते. तो खरोखरच सहशोधकर्ता होता असे म्हणावे, तर त्याला वगळून एकट्याने लाभ घेणे समर्थनीय राहत नाही.

२९ डिसेंबर १९५० रोजी तडजोड झाली. शॅट्झला कायद्याने आणि शास्त्रीयदृष्ट्या सहशोधक म्हणून मान्यता मिळाली. परदेशी हक्कांपोटी सुमारे सव्वा लाख डॉलर, ज्यातला मोठा वाटा वकिलाकडे गेला, आणि पुढील स्वामित्वधनाचे ३ टक्के त्याला मिळावेत असे ठरले. वॅक्समन यांचा वाटा १० टक्क्यांवर आला, तर ७ टक्के प्रयोगशाळेतील इतर सहकाऱ्यांत वाटले गेले. उरलेला मोठा हिस्सा प्रतिष्ठानाकडे राहिला आणि त्यातून रटगर्स येथे सूक्ष्मजीवशास्त्राची एक नामांकित संस्था उभी राहिली.

न्यायालयात मिळालेले नाव शास्त्रजगताने मात्र स्वीकारले नाही. १९५२चे नोबेल पारितोषिक स्ट्रेप्टोमायसिनच्या शोधासाठी एकट्या वॅक्समन यांना जाहीर झाले. शॅट्झ त्या वेळी एका लहानशा कृषी महाविद्यालयात शिकवत होता. त्या महाविद्यालयाने नोबेल समितीकडे दाद मागितली, पण निर्णय बदलला नाही. गुरूवर खटला भरणारा विद्यार्थी म्हणून मोठ्या प्रयोगशाळांची दारे त्याला बंदच राहिली. पुढे त्याने चिलीमध्ये व नंतर फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात अध्यापन केले. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात शेफील्डचे मिल्टन वेनराइट यांनी जुने कागद धुंडाळले, तेव्हा या प्रकरणाची नव्याने चर्चा सुरू झाली. १९९४ मध्ये, शोधाला पन्नास वर्षे झाल्यावर, रटगर्सने शॅट्झला आपले पदक दिले. तोवर वॅक्समन यांच्या निधनास एकवीस वर्षे लोटली होती. शॅट्झचे निधन २००५ मध्ये झाले. त्याच्या नोंदवह्या विद्यापीठाच्या दप्तरात आहेत आणि त्यांवरील तारखा आजही वाचता येतात.

तिसरे नाव

या कथेत एक तिसरे नाव आहे. ते खटल्यात फारसे निघालेच नाही. पहिल्या निबंधावर दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या एलिझाबेथ ब्युगी यांचे नाव पेटंटवर नव्हते. आपला शोधाशी तसा संबंध नव्हता, अशा अर्थाच्या प्रतिज्ञापत्रावर त्यांनी सही केली होती. पुढे लग्न होईल, संसार होईल, तेव्हा पेटंटवर नाव असण्याचे तुला काय महत्त्व, असे आपल्याला सुचवण्यात आल्याचे त्यांनी नंतर आपल्या घरच्यांना सांगितले. तडजोडीत त्यांच्या वाट्याला ०.२ टक्के स्वामित्वधन आले. ज्या शॅट्झने स्वतःवरील अन्यायाविरुद्ध दाद मागितली, त्याच्या बाजूनेही या तिसऱ्या नावासाठी आवाज उठल्याचे दिसत नाही.

नको असलेले नाव

इन्शुलिनची कथा याच्या नेमकी उलट आहे. ११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या रुग्णालयात १४ वर्षांच्या एका मधुमेही मुलाला स्वादुपिंडाच्या अर्काचे पहिले इंजेक्शन दिले गेले. पेटंट घेण्याची वेळ आली तेव्हा फ्रेडरिक बँटिंग यांनी त्यावर आपले नाव घालण्यास नकार दिला. डॉक्टराने औषधावर हक्क सांगणे हे वैद्यकीय शपथेशी सुसंगत नाही, असे त्यांचे मत होते. म्हणून आरंभी अर्ज चार्ल्स बेस्ट व जेम्स कॉलिप यांच्या नावाने झाला. परंतु खऱ्या शोधकर्त्याचे नाव वगळलेले पेटंट टिकणार नाही, असे लक्षात आल्यावर बँटिंग यांचेही नाव घालावे लागले. तिघांनी आपले हक्क १९२३ मध्ये टोरांटो विद्यापीठास प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले.

बँटिंग यांच्या वागण्यातले औदार्य आपल्याला भावते. पण कायद्याची भूमिका येथे अधिक शिकवून जाते. हवे म्हणून नाव घालता येत नाही, तसे नको म्हणून काढताही येत नाही. शोधकर्त्याचे नाव हा सन्मान असण्याआधी ती एक साक्ष आहे. त्याच वर्षीचे नोबेल बँटिंग आणि विभागप्रमुख जॉन मॅकलाउड यांना मिळाले. बँटिंग यांनी आपला वाटा बेस्ट यांच्याशी, तर मॅकलाउड यांनी कॉलिप यांच्याशी वाटून घेतला. पेटंटवर मॅकलाउड नव्हते आणि नोबेलवर बेस्ट व कॉलिप नव्हते. एकाच शोधाच्या दोन याद्या अशा वेगवेगळ्या झाल्या, कारण दोन्हींनी विचारलेले प्रश्न वेगळे होते.

कल्पना कोणाची, पडताळणी कोणाची

आपल्यासारख्या चिकित्सकांना सर्वांत जवळचा वाटावा असा निवाडा झिडोव्ह्युडीनचा, म्हणजे एझेडटीचा आहे. हे द्रव्य १९६४ मध्ये जेरोम हॉरविट्झ यांनी कर्करोगासाठी तयार केले. त्याचा उपयोग झाला नाही आणि त्यांनी त्याचे पेटंटही घेतले नाही. १९८५ मध्ये बरोज वेलकम कंपनीच्या शास्त्रज्ञांनी एड्सच्या विषाणूसाठी ते निवडले आणि सांकेतिक नावाने अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेकडे तपासणीस पाठवले. मानवी पेशींतील विषाणूवर ते चालते हे तेथील सॅम्युएल ब्रोडर व हिरोआकी मित्सुया यांनी दाखवून दिले. मग ब्रोडर व मित्सुया हेही सहशोधकर्ते नव्हेत काय?

१९९४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील न्यायालयाने सहापैकी पाच पेटंटांबाबत 'नाही' असे उत्तर दिले. कायद्याच्या दृष्टीने शोध पूर्ण होतो तो शोधकर्त्याच्या मनात निश्चित आणि कायम स्वरूपाची कल्पना तयार होते तेव्हा. ती यशस्वी होईलच अशी खात्री त्याला त्या क्षणी असण्याची गरज नाही. तपासणीचा निकाल हाती येण्यापूर्वीच कंपनीने अर्जाचा मसुदा तयार केलेला होता, ही बाब निर्णायक ठरली. ती कल्पना दुसऱ्याने पडताळून पाहिली तर ते काम मोलाचे खरे, पण तेवढ्याने तो सहशोधकर्ता होत नाही. त्याच १९९४ साली, हे औषध आईकडून बाळाकडे जाणारा एचआयव्ही मोठ्या प्रमाणात रोखते, हे सिद्ध झाले. ते सिद्ध करणारे डॉक्टर आपल्या दृष्टीने अत्यंत आदरणीय आहेत. पेटंटवर मात्र त्यांना जागा नाही.

हाच प्रश्न आज क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राबाबत धुमसत आहे. जेनिफर डाउडना व इमॅन्युएल शार्पोंतिए यांच्या गटाने मे २०१२ मध्ये अर्ज केला. ब्रॉड संस्थेचे फेंग झँग यांनी डिसेंबर २०१२ मध्ये अर्ज करून जलद तपासणीच्या सोयीमुळे २०१४ मध्ये आधी पेटंट मिळवले. २०२०चे नोबेल डाउडना व शार्पोंतिए यांना मिळाले. परंतु मानवी पेशींसारख्या प्रगत पेशींत हे तंत्र वापरण्याबाबत अमेरिकी पेटंट मंडळाने २०२२ मध्ये ब्रॉडच्या बाजूने निर्णय दिला. मे २०२५ मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय अंशतः रद्द करून प्रकरण मंडळाकडे फेरविचारार्थ पाठवले. यश मिळेल याची खात्री शोधकर्त्याला असली पाहिजे, अशी चुकीची कसोटी मंडळाने लावली, असा न्यायालयाचा आक्षेप होता. एझेडटीच्या निवाड्यातले तत्त्वच येथे पुन्हा पुढे आले. युरोपात तर ब्रॉडचे एक महत्त्वाचे पेटंट २०१८ मध्ये रद्द झाले व २०२० मध्ये अपिलातही ते वाचले नाही, कारण मूळ अमेरिकी अर्जात असलेल्या एका सहकाऱ्याचा हक्क नंतरच्या अर्जात आलेला नव्हता. एका गाळलेल्या नावाची किंमत एवढी मोठी असू शकते.

हा परदेशातला दूरचा तंटा आहे असे समजू नये. क्रिस्परवर आधारलेल्या पहिल्या उपचारास नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मान्यता दिली, ती सिकल सेलच्या १२ वर्षांवरील रुग्णांसाठी. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत बावीस लाख डॉलर आहे. विदर्भ, मध्य प्रदेश व गुजरातच्या आदिवासी पट्ट्यांतून येणारी सिकल सेलची मुले आपल्या तपासणी-कक्षांत नित्य येतात. जुलै २०२३ मध्ये शहडोल येथून सिकल सेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. या तंत्रावर कोणाचा हक्क ठरतो, परवाना कोणाकडून घ्यावा लागतो, यावर त्या मुलांपर्यंत असा उपचार कधी आणि किती किमतीत पोहोचेल हेही काही अंशी अवलंबून राहील.

आपल्या अंगणात

आपल्याकडील १९७०च्या पेटंट कायद्यात 'खरा व प्रथम शोधकर्ता' हा शब्दप्रयोग आहे. अर्ज त्याने किंवा त्याच्याकडून हक्क मिळवलेल्याने करावयाचा असतो. मालकी दुसऱ्याची असली तरी पेटंटवर शोधकर्ता म्हणून आपला उल्लेख व्हावा, अशी मागणी करण्याची सोय कलम २८ मध्ये आहे. दुसऱ्याची कल्पना उचलून मिळवलेल्या पेटंटास आव्हानही देता येते. रोगोपचाराच्या पद्धतीवर आपल्याकडे पेटंट मिळत नाही, पण उपकरणावर मिळू शकते. आधी निबंध छापला आणि मग अर्ज केला तर नवेपणा संपतो. एखाद्या विद्वत्संस्थेपुढे शोधकर्त्याने स्वतः वाचलेल्या निबंधासाठी मात्र बारा महिन्यांची सवलत आहे. आपल्या संस्थेतील तरुण सदस्यांनी हे जरूर लक्षात ठेवावे.

मी १९९०च्या दशकात निवासी डॉक्टर असतानाची एक गोष्ट सांगतो. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या नाकातील प्राणवायूची नळी आम्ही चिकटपट्टीने गालावर बसवत असू, आणि पट्टी काढताना त्या कोवळ्या त्वचेचे साल निघत असे. आमच्या कक्षातील एका सिस्टरांनी घरी बसून जाळीदार सुती कापडाची टोपडी शिवली. त्यांना दोन्ही बाजूंस बंद होते. त्यांत नळी अडकत असे आणि गालाला पट्टी लागतच नसे. पुढे दोन वर्षे आम्ही तीच टोपडी वापरली. एका परिषदेत या विषयावर निबंध वाचला गेला. त्यावर तीन डॉक्टरांची नावे होती. त्यांत माझे नव्हते आणि सिस्टरांचेही नव्हते. शेवटी 'परिचारिका वर्गाच्या सहकार्याने' असे तीन शब्द होते. निबंधाचा छापील कागद सिस्टरांनी कक्षात नीट वाचला, छायाचित्रातील टोपड्याची शिवण आपलीच आहे एवढे म्हणाल्या, आणि पुढच्या बाळाचे दूध मोजू लागल्या.

पेटंटचा कायदा त्या टोपड्याला लावला असता तर निकाल काय लागला असता? कल्पना सिस्टरांची, नमुना त्यांचा, शिवणही त्यांची. तिन्ही डॉक्टरांनी केले ते निरीक्षण व मोजमाप. एझेडटीच्या निवाड्याप्रमाणे शोधकर्त्या एकट्या सिस्टर ठरल्या असत्या. आपण ज्याला रुक्ष आणि धंदेवाईक समजतो तो कायदा या बाबतीत आपल्या वैद्यकीय शिष्टाचारापेक्षा अधिक न्यायी निघतो. तो पदवी विचारीत नाही, हुद्दा विचारीत नाही. प्रथम कोणाला सुचले आणि त्याचा पुरावा काय, एवढेच विचारतो.

याचा अर्थ आपण प्रत्येक गोष्टीचे पेटंट घ्यावे असा मुळीच नाही. गुरु-शिष्यांनी एकमेकांवर दावे लावावेत असे तर कोणालाच वाटणार नाही. शॅट्झ व वॅक्समन या दोघांचेही त्या खटल्याने नुकसानच झाले; एकाची कारकीर्द गेली आणि दुसऱ्याच्या कीर्तीला कायमचा डाग लागला. पदव्युत्तर विद्यार्थ्याचा प्रबंध हाती घेतानाच मार्गदर्शकाने एक तास काढला असता आणि कल्पना कोणाची, काम कोणाचे, नाव कोणाचे व कोणत्या क्रमाने हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून दोघांनी सह्या केल्या असत्या, तर यांतील बहुतेक कटुता टळली असती.

म्हणून माझी आपणांस, विशेषतः जे अध्यापन करतात त्यांना, तीन गोष्टींची विनंती आहे. तारीख घातलेली, पाने न फाडलेली नोंदवही प्रत्येक विद्यार्थ्याला ठेवायला लावावी. काम सुरू होण्यापूर्वी नावांची बोलणी करावी. यश मिळाल्यावर ती कठीण होतात. आणि कल्पना डॉक्टरेतर व्यक्तीकडून आली असेल, मग ती परिचारिका असो, तंत्रज्ञ असो वा बाळाची आई असो, तर तिचे नाव आभारात न ढकलता शोधाच्या जागी लिहावे. यासाठी ना वकील लागतो ना शुल्क. पुढच्या वर्षीच्या आपल्या वार्षिक परिषदेत जे निबंध वाचले जातील, त्यांच्या पहिल्या पानापासून ही प्रथा आपण सुरू करू शकतो.